उन्हाळा लागला की खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे पहाटे धापा का टाकतात : कारण आणि उपाय

होळी झाली की हा त्रास सुरू होतो. पहाटे साडेपाचला हॉलमधला दिवा लावावा, तर क्लाउनफिशची जोडी टाकीच्या वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला तोंड लावून उभी. कल्ले इतके भराभर हलतात की मोजता येत नाहीत. काचेला घट्ट धरून राहणारी गोगलगाय वाळूत उताणी पडलेली, तिचा मांसल पाय शंखाबाहेर लोंबतोय. दिवस वर आला की मासे थोडे सावरतात, संध्याकाळी खातातसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. पावसाळा लागला की सगळं आपोआप थांबतं आणि आपल्याला वाटतं, गेली साडेसाती. पुढच्या शिमग्याला ती परत दारात उभी.

परभणीत मी हे लागोपाठ दोन उन्हाळे भोगलं, तिसऱ्या उन्हाळ्यात कारण हाती लागलं. जालना, नांदेड, लातूर, बीड, कुठंही छोटी खारी टाकी असेल तर बहुतेक हेच घडत असणार, कारण आपली हवा सारखी आणि बोअरचं पाणीही बरंचसं सारखं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते छोट्या समुद्रघोड्यांबद्दल. पूर्ण वाढ होऊनही जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर राहणारी एक बुटकी जात आहे, मेक्सिकोच्या आखातातली आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याची. छोट्या टाकीत ती पाळल्याचे परदेशातले व्हिडिओ बघून लेकरं हट्ट धरतात. आपल्याकडं समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते पकडणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. दुकानदार कानात सांगेल की मिळवून देतो. घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी समुद्रघोड्याला जठर नसतं, दिवसातून अनेकदा जिवंत खाणं लागतं, आणि पाणी २४-२५ अंशांच्या वर गेलं की बऱ्याच जातींना जिवाणूंचे आजार लवकर धरतात. आपल्या मे महिन्यात तो जीव तडफडून मरेल. क्लाउनफिशची मात्र आपल्याच देशात टाकीत पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं त्याची पद्धत बसवलेली आहे. विकत घेताना टाकीत जन्मलेली पिल्लंच मागा. ती नव्या टाकीत लवकर रुळतात आणि समुद्रातलं कुणी कमी होत नाही.

आता मूळ त्रास. धापा टाकण्याची इतर कारणं आधी बाजूला सारा, फार वेळ लागत नाही. माशाच्या अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं दिसत असेल तर तो परजीवीचा आजार आहे. त्यात तासांवर खेळ असतो, मासा लगेच वेगळ्या टाकीत काढून उपचार करा. अमोनियाची चाचणी करा, रंग थोडाही हिरवट आला तर आधी पाणी बदला. आणि रात्री खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड लावता का, ते आठवून बघा. त्यातलं औषध माशांना आणि कोळंबीला फार विषारी असतं आणि एअर पंप ते थेट पाण्यात ओढतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा, कॉइल नको. ही तिन्ही कारणं वर्षात कधीही येतात. दरवर्षी होळीला येऊन मृगाला जाणारं कारण वेगळं आहे.

माझी टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. दगड-वाळूची जागा सोडून पाणी १०० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे माझ्या टाकीत साडेतीन किलो. हा साडेतीन किलोचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

पहिल्या उन्हाळ्यात रोज पाण्याची पातळी बोटभर खाली जायची. कोरड्या हवेत, पंख्याखाली, दिवसाला तीन लिटर सहज उडतात. बादलीत समुद्री मीठ कालवलेलं पाणी तयारच असायचं, त्यातूनच मी टाकी भरायची. खाऱ्या टाकीत खारं पाणी घालायचं, इतका सरळ विचार होता. पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ टाकीतच राहतं. रोज तीन लिटर खारं पाणी म्हणजे रोज १०५ ग्रॅम मीठ वरून पडत होतं. दहा दिवसांत एक किलो. साडेतीनाचे साडेचार किलो झाले, लिटरला ४५ ग्रॅम. माझ्याकडं तेव्हा खारेपणा मोजायचा, काटा फिरणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर होता. त्याच्या काट्यावर मिठाची पापडी बसलेली, त्या वजनानं काटा खालीच राहायचा आणि मला सगळं ठीक दिसायचं. चार मासे गेले. समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत राहतो. पाणी जितकं खारट, तितकी ही मेहनत वाढते. गोगलगायीला तेवढंही जमत नाही, बाहेरचा खारेपणा तिच्या अंगातच उतरतो. म्हणून टाकीत पहिली पडते ती गोगलगाय. ती उताणी दिसली की माशाची वाट बघू नका, लगेच मोजा.

काट्याचा हायड्रोमीटर काढून टाका आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे उजेडातून खारेपणा दाखवणारी छोटी दुर्बीण, घ्या. दोन थेंब काचेवर टाकायचे, झाकण मिटायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडं धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथं आहे तो आकडा. महिन्यातून एकदा ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तो जुळवून घ्या, आणि दर वेळी वापरून झाल्यावर काच गोड्या पाण्यानं पुसा.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी शहाणी झाले होते. खारं पाणी बंद, गोडं पाणी सुरू. टाकीच्या काचेवर पेननं खूण केली आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत घरच्या नळाचं, म्हणजे आमच्या बोअरचं पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही. तरी एप्रिल संपता संपता काचेवर तपकिरी साय धरायला लागली, पुसली की दोन दिवसांत परत. मग गोगलगायी, मग कोळंबी, आणि शेवटी तीच पहाटेची धाप. खूण बरोबर, पाणी गोडं, मग हे काय? मी फिल्टर बदलला, खाणं कमी केलं, वाळू धुतली. काही उपयोग झाला नाही.

उत्तर टाकीत नव्हतंच, ते कूलरमध्ये होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या सुमाराला आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, अंगणात कूलर उघडून बसले होते. गवताच्या ताट्या काढून भिंतीला टेकवल्या होत्या. चैत्रात नव्या घातलेल्या ताट्या पांढऱ्याफटक, हात लावला की चुरा पडायचा. मामा खुरप्यानं ट्रे खरवडत होते आणि खालून चुन्याचे पापुद्रे निघत होते.

"मामा, महिन्यातच एवढं?"

"बोअरचं पाणी हाय बाई. पाणी उडून जातंय, क्षार कुठं जाईल? इथंच बसणार. म्हणून तर आठ दिवसाला ट्रे सांडून द्यायचा असतोय."

मी हातातलं काम टाकून टाकीपाशी गेले. वरच्या कडेला तोच पांढरा पापुद्रा. टाकी म्हणजे कूलरच होती, फक्त तिचा ट्रे कधी सांडला जात नव्हता.

आता हिशोब बघा. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर १,१०० दिसतो. म्हणजे लिटरमागे साधारण १.१ ग्रॅम क्षार विरघळलेले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालतं, त्यामुळं माणसाला या पाण्यात वावगं वाटत नाही. पण रोज तीन लिटर, नव्वद दिवस, म्हणजे २७० लिटर. त्यातलं पाणी सगळं उडालं आणि जवळजवळ ३०० ग्रॅम क्षार शंभर लिटरच्या टाकीत उतरले. थोडा भाग चुनखडी होऊन काचेला-पंपाला धरतो, बाकीचा पाण्यात. ३५ चे ३८ होतात. शिवाय पाणी बदलतानाही मी बोअरच्याच पाण्यात मीठ कालवत होते, तो भार वेगळा. त्या संध्याकाळी नव्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा आला ३९.

खारेपणापेक्षा वाईट गोष्ट त्या क्षारांत काय काय असतं ही आहे. शेतात पडणारी खतं आणि घरोघरचे शोषखड्डे यांच्यामुळं आपल्याकडं बऱ्याच बोअरच्या पाण्यात नायट्रेट असतं. लिटरला ५० मिलिग्रॅम धरलं, तर २७० लिटरमधून साडेतेरा ग्रॅम येतं. टाकीत ते लिटरला १३५ मिलिग्रॅम होतं, एकही दाणा जास्त न टाकता. आणि आपली जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. त्यातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका उतरते. काचेवरची तपकिरी साय त्याच सिलिकेवर वाढते. फिल्टर कितीही भारी घ्या, ही साय पुसून संपत नाही, कारण तिचं खाणं तुम्हीच रोज सकाळी तांब्यानं घालताय.

तर उपाय एका ओळीत सांगायचा तर असा: जे उडून जातं ते शुद्ध पाणी असतं, म्हणून वरून भरायचं तेही शुद्धच पाहिजे. टीडीएस शून्याजवळ, दहाच्या वर नको.

हे पाणी आणायचं कुठून? घरच्या आरओचं पाणी चालेल असं सगळे सांगतात, पण आधी मीटर बुडवून बघा. बहुतेक घरगुती यंत्रांत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो, आणि शेवटी खनिजं घालणारी नळी असते. आमच्या आरओचं पाणी ९० दाखवत होतं. दुरुस्तीवाल्याला सांगून आरओच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) बाहेर पडणारी नळी मधेच फोडून घेतली, तिथं ४० आलं. तिला पुढं रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची, छोटी बाटली जोडली आणि आकडा २ वर आला. रेझिन संपत आलं की आकडा चढतो, तेव्हा बदलायचं. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं मला सुरुवातीला फार टोचायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात माशांसाठी पाणी वाया घालवायचं कसं? मी ती नळी सरळ बादलीत सोडली. फरशी, संडास, वापरायचं पाणी त्यातूनच होतं. टाकीचे तीन लिटर काढायला घरात वेगळं काही सांडत नाही.

आरओ नसेल तर जारचं पाणी घ्या, पण प्रत्येक जार मोजून. प्लांट तोच असला तरी मे महिन्यात त्यांचाही स्रोत बदलतो. मला एकाच आठवड्यात ३५ आणि ३४० असे दोन जार मिळाले होते. दुसरा परत पाठवला. ३५ चा जार दहात बसत नाहीच, तो रेझिनमधून काढून घ्या. रेझिन लगेच मिळत नसेल तर तेवढ्यापुरता बोअरपेक्षा लाखपटीनं बरा. टँकरच्या पाण्याचंही तसंच, आजचा टँकर गोदावरीचा, उद्याचा कुणाच्या विहिरीचा. तो टाकीत थेट कधीच नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मीटरवर शुद्ध दिसतं आणि मोह होतो. पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं, आणि तांबं कोळंबीला, गोगलगायीला अगदी कणभरही सोसत नाही.

आता राहिली उष्णता, आणि पहाटेच का हे कोडं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम, ३२ अंशांना जेमतेम सहा. खारेपणा वाढला की त्यातूनही घट. आणि उबदार पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली. दिवसा शेवाळ थोडा प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ, जिवाणू, मासे सगळे मिळून ओढतात. त्यामुळं पहाटे पाणी सगळ्यात रितं असतं. त्यात रात्री दोन तास लाइट गेली, पंप बंद पडला, की कोपऱ्यातली ती धाप ठरलेली.

थंड करायला मी चिलर घेतला नाही. महाग आहे आणि टाकीतली उष्णता तो त्याच खोलीत सोडतो. आपल्याकडं कोरडी हवा हेच मोठं औषध आहे. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच. एक लिटर पाणी उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. शंभर लिटर पाणी एका अंशानं उतरवायला १०० लागतात. तीन लिटर उडाले तर किती उष्णता बाहेर गेली ते तुम्हीच बघा. टाकीवरचं काचेचं झाकण काढा आणि मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, कारण क्लाउनफिश उडी मारतो. छोटा पंखा असा बांधा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका जाईल, आणि पक्का बांधा. वायर आधी खाली झुकवून मग बोर्डाकडं न्या, म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाही. आमच्या हॉलमध्ये दुपारी ३६ अंश असताना टाकी २८-२९ वर राहते. दिवे दुपारी बंद, संध्याकाळी पाच ते रात्री दहा चालू. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचं बळ कमी पडतं. अशा वेळी टाकी कूलरच्या झोतापासून लांबच्या भिंतीला हलवा.

लाइटीसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा. इन्व्हर्टर असेल तर फक्त पाणी हलवणारा पंप त्यावर जोडा, दिवे नाही. बंद डब्याचा फिल्टर तीन-चार तास बंद राहिला असेल तर तो तसाच चालू करू नका. आतलं पाणी सडलेलं असतं. ओतून द्या, स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खळबळा, मग लावा.

हिवाळ्यात लावलेला हीटर मार्चमध्ये प्लगमधून काढा. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर मे महिन्यात टाकी शिजते.

रोज तांब्यानं भरण्याचा कंटाळा येतो आणि चुकतंच. मी कूलरचाच फ्लोट लावला. पाच लिटरचा कॅन टाकीच्या वर फळीवर ठेवायचा, त्याच्या नळीला फ्लोट. पातळी उतरली की थेंब थेंब येतं. दोन गोष्टी सांभाळा. फ्लोट पूर्ण प्लॅस्टिकचा पाहिजे. पितळी दांडीचा अजिबात नको, पितळेत तांबं असतं. आणि कॅन पाच लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. मिठाची पापडी बसून फ्लोट उघडाच अडकला तर शंभर लिटरमध्ये जास्तीत जास्त पाच लिटर गोडं पाणी जाईल, खारेपणा ३५ चा ३३ होईल, जीव जाणार नाही. वीस लिटरचा जार उलटा केला असता तर सगळं संपलं असतं, आणि फरशीवर तळं झालं असतं ते वेगळं. फ्लोट दर रविवारी गोड्या पाण्यात बुडवून हलवून घ्या.

ज्यांची टाकी आत्ताच ३९-४० दाखवतेय त्यांनी घाबरून एकदम अर्धं पाणी बदलू नका. दिवसाला एक-दीड अंकानं उतरवा. ४० च्या शंभर लिटर टाकीतून अडीच लिटर खारं पाणी काढून तेवढंच शुद्ध गोडं पाणी घातलं की ३९ होतो. हे पाणी सावकाश, सलाइनच्या नळीनं थेंब थेंब सोडा. चार-पाच दिवसांत ३५ वर याल. मासे लवकर मोकळा श्वास घेतात, गोगलगायींना आठवडा लागतो. नायट्रेट मात्र असं जात नाही. त्यासाठी शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून दर आठवड्याला पंधरा लिटर बदलत राहा, महिना-दीड महिना. काचेवरची साय या काळात आधी वाढल्यासारखी वाटेल, मग एका सकाळी सुटून पडायला लागेल.

शेवटची अडचण लग्नसराईची. मे महिन्यात चार दिवस गावाकडं जावंच लागतं आणि परत येईपर्यंत टाकी बारा लिटरनं खाली आलेली असते. पाच लिटरच्या कॅनवर भागत नाही. मी शेजारच्या लेकराला शिकवून ठेवलंय. चार बाटल्या भरून, त्यांच्यावर सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असं लिहून टाकीशेजारी ठेवते, प्रत्येकीत तीन लिटर. फ्लोटचा कॅन त्या दिवसांत काढून ठेवते, म्हणजे दुप्पट पाणी जायला नको. त्या दिवसाची बाटली जाळीवरून सावकाश ओतायची, नळाचं पाणी घालायचं नाही. खाणं घालायचं नाही, मासे चार दिवस सहज उपाशी राहतात. आणि रिकामी बाटली तिथंच आडवी ठेवायची, म्हणजे संध्याकाळी त्याच्या आजीला फोनवर विचारलं की ती नुसतं बघून सांगू शकते, आज किती आडव्या आहेत.